चौथा कोपरा

१

पिंपळगाव रेणुकाईचं टपाल प्रभावतीच्या अंगणात उतरायचं. पोस्ट सरकारीच होतं, पण सरकारनं त्याला बसायला जागा दिली नव्हती. ती तातेरावांनी, म्हणजे प्रभावतीच्या मालकांनी, स्वतःच्या घरात दिली होती. ओसरीच्या उजव्या अंगाची खोली. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची, शाईची गादी, तारखेचा शिक्का आणि पितळी तराजू. तातेराव सकाळी पोस्टमास्तर आणि जेवणानंतर शेतकरी. अकराच्या सुमाराला बद्रीनाथ टपालवाला भोकरदनहून सायकल हाणत यायचा, थैलीचं सील तुटायचं आणि थैली अंगणात गोणपाटावर पालथी व्हायची.

टपाल निवडायचं काम प्रभावतीचं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अक्षर लागायचं. ज्वारीतले खडे वेचावेत तशी ती टपाल वेचायची. मनिऑर्डरी इकडं, पाकिटं तिकडं, कार्डं वाडीवार. आणि निवडता निवडता कधी हाताला एखादं कार्ड लागायचं, ज्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. ते ती वाचत नसे. कोपरा फाटका म्हणजे कुणाच्या तरी घरचं माणूस गेलं. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही सगळ्या मुलखाची रीत. पोस्टच घरात म्हटल्यावर रीत सांभाळायला काहीतरी तोड काढावी लागते. तिनं अंगणातल्या लिंबाच्या खोडाला एक तार ठोकून घेतली होती. फाटक्या कोपऱ्याची कार्डं तिथं टोचायची आणि बद्रीनाथनं तिथूनच उचलायची. बाकीचं टपाल आत टेबलावर.

या टपालात एक टपाल घरचं होतं. तिचा एकुलता एक वसंता आठवीत असताना कुठल्याशा मासिकात त्याला पत्ते सापडले होते. जगभरातली माणसं, ओळख ना पाळख, आपापल्या गावाच्या चित्रांची कार्डं एकमेकांना पाठवायची. वसंताला खूळच लागलं. पिंपळगावचं चित्र कोण छापणार? मग तो साध्या कार्डावर स्वतःच काढायचा. रेणुकाईची दीपमाळ, केदारखेड्याला निघालेली बैलगाडी, भाकरी थापणारी माय. त्याच्या बदल्यात बर्फाची, पुलांची, निळ्या घुमटांची कार्डं यायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ओळीनं उभी राहायची.

बहात्तरच्या दुष्काळात एका दुपारी तातेराव त्याला म्हणाले, "त्या चित्रांची भाकर थाप आन् खा." म्हणाले ते खडी फोडून आलेल्या तोंडानं, पण वसंता गेला. मुंबई, तिथून बोटीवर खलाशी. मग त्याची स्वतःची कार्डं यायला लागली, एकेका बंदरातून एकेक. अशी एकोणीस आली आणि थांबली. कंपनीचं पत्र आलं की तुमचा मुलगा एका बंदरात उतरला तो परत चढला नाही. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

प्रभावतीनं त्या दिवशी रेणुकाईपुढं हात जोडले आणि गोड सोडलं. वसंताचं कार्ड येईपर्यंत गूळ नाही, साखर नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. आणि त्याच्या नावानं अनोळखी लोकांची कार्डं येत राहिली त्यांना तीच उत्तर द्यायला लागली. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करतो का? ती कार्डावर रांगोळीचे ठिपके काढी, खाली मराठीत चार ओळी लिही आणि पत्ता अक्षर बघून बघून चितारी. तिकडच्या बर्फातल्या एका बाईनं तर तिला लोकरीच्या विणीचा नमुना पाठवला होता. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. पण चाललं होतं छान.

२

ते कार्ड भाद्रपदातल्या एका मंगळवारी आलं.

चित्र बंदराचं होतं. काळसर पाणी, त्याच्या काठाला एक लांबच लांब पांढरी इमारत, खिडक्यांच्या ओळी, सगळ्या बंद. माणूस कुठं नाही. मागं नाव नाही, मजकूर नाही, फक्त इंग्रजी अक्षरांत प्रभावतीचा पत्ता. वसंताचा नव्हे, तिचा. तिकिटावरचा शिक्का पाण्यानं फुटलेला. आणि चित्राच्या बाजूनं उजव्या हाताचा वरचा कोपरा फाडलेला.

"प्रवासात फाटलं असंल वहिनी," बद्रीनाथ म्हणाला. "किती थैल्या, किती हमाल. कार्डाची काय गत राहते?"

"न्हाई रे. हे चिमटीत धरून फाडलंय. बघ की."

दळण घेऊन शेजारची झुंबरबाई आली होती. सत्तरीची, विधवा, गावातलं सोयरसुतक तिच्या बोटांवर. तिनं लांबूनच मान वाकडी केली. "तारेला टोच पोरी. आत नेऊ नको."

"मावशी, यावर मेलेल्याचं नावच न्हाई. मंग सुतक कुणाचं धरू? या बिल्डिंगीचं?"

बद्रीनाथ हसला. झुंबरबाई हसली नाही. "नाव न्हाई म्हणून तर जास्ती भ्यावं. नाव असलं म्हंजी माणूस एकच असतंय."

प्रभावतीनं ते हातात फिरवलं. तारेकडं दोन पावलं गेलीही. पण आलेल्या पाहुण्याला दारातून परतवायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि तिकडच्या माणसाला आपली रीत काय ठाऊक? आपण उगाच भ्यायचं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात दुसरंच होतं. बंदराचं कार्ड दोन वर्षांनी आलं होतं.

तिनं ते पदराला पुसलं, उंबरा ओलांडला आणि डब्यात सगळ्यात पुढं उभं केलं. त्याच्या मागं अनोळख्यांची एकवीस. त्यांच्या मागं वसंताची एकोणीस.

३

शुक्रवारी देवीची पूजा झाली की डबा उघडायचा आणि एकेक कार्ड मऊ फडक्यानं पुसायचं, हा तिचा नेम होता. त्या शुक्रवारी पुढचं बंदराचं कार्ड काढलं. त्याच्या मागचं काढलं, बर्फातल्या चर्चचं. त्याला उजवा वरचा कोपरा नव्हता.

त्याच्या मागच्यालाही नव्हता. त्याच्याही मागच्याला नव्हता. चौथं धड होतं.

उंदीर, ती मनाशी म्हणाली. पण उंदीर कुरतडतो, त्याला दात असतात. ही फाड नखाची होती. कसर म्हणावी तर भोकं पडली असती. तिनं डबा उपडा केला, झटकला, दिव्यासमोर धरला. कोपरा म्हणून एक कपटा सापडला नाही. तीन कार्डांचे तीन तुकडे, बोटाच्या पेराएवढे का असेनात, कुठं तरी पडायला हवे होते.

मंगळवार ते शुक्रवार. दिवस तीन, कार्डं तीन.

शनिवारी चार झाली. रविवारी पाच.

तिनं डबा देवघराखाली ठेवून पाहिला, कणगीत ज्वारीत पुरून पाहिला. वसंताची एकोणीस कार्डं काढून देवीच्या तसबिरीमागं नेऊन ठेवली. डब्यातली चुकली नाहीत. रोज एक जात होतं, पुढून मागं, ओळ न मोडता, एखाद्या इमानदार कारकुनासारखं. तिनं बोटांवर हिशोब घातला. एकवीस दिवसांत अनोळखी संपतात. बाविसाव्या दिवशी वसंताची पाळी. तो दिवस बुधवारचा येत होता आणि त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती.

आवाज तिनं सोमवारी पहिल्यांदा ऐकला. भरदुपार होती. बद्रीनाथ वाड्यांवर गेलेला, तातेराव शेतात, कोंबड्या सावलीला पाय दुमडून बसलेल्या. तिनं डबा मांडीवरच घेतला होता. झाकण दोन्ही हातांनी दाबलेलं. आणि पोस्टाच्या बंद खोलीतून अगदी हलका आवाज आला.

चर्र.

दीड बोट कागद फाटायला लागेल एवढाच. मग खुर्ची करकरली, जसं कुणी काम उरकून पाठ टेकली.

तिनं जाऊन दार ढकललं. टेबल, तराजू, खुर्ची. कुणी नाही. फरशीवर खुर्चीच्या पायाशी दमट डाग होता, पण पावसाळ्यात त्या फरशीला ओल येतेच. सोमवारचा उपास, पोटात काही नाही, भोवळ आली असेल, तिनं स्वतःला समजावलं. मग मांडीवरून खाली ठेवलेला डबा उघडला.

सहा.

४

"तू मला हे आठ दिवस सांगितलं न्हाईस?" तातेराव म्हणाले.

ते जेवायला बसले होते आणि तिनं डबा ताटाशेजारी आणून ठेवला होता. त्यांनी बंदराचं कार्ड उचललं, बराच वेळ पाहिलं. घास हातातच राहिला.

"परदेशातल्या माणसाला ठावं न्हाई ही रीत," ते हळू म्हणाले. "गोऱ्याला न्हाई, काळ्याला न्हाई. कोपरा फाडून कार्ड धाडायचं हे कुणाला ठावं असंल, सांग बरं? याच अंगणात जो लहानाचा मोठा झाला त्याला. तारेवरची कार्डं बघत."

हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, पण तिनं त्याला दारातच उभं केलं होतं.

"म्हंजी वसंतानं धाडलं," ती म्हणाली.

"अगं, त्यानं स्वतःची—" ताट सरकवून ते उठले, हात धुतले, परत आले. "मी जांब समर्थला गेल्तो मागल्या महिन्यात, तिथं एका शास्त्रीबुवांना विचारलं होतं. ते म्हणाले, बातमी आली असंल तर करता येतंय. दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा. पोराला मुक्ती मिळती. आता बातमी आली. सर्वपित्रीला ओढ्यावर करून टाकू."

"जित्याला मुक्ती देतात व्हय?"

"प्रभा!"

"न्हाई, मी विचारून राह्यले. तुमचंच म्हणणं धरून चालते. हे कार्ड वसंतानं धाडलं. मंग धाडणारा हात जिता असंल, तर मरणाची बातमी खोटी. आन् हात जिता नसंल, तर मेल्या हाताचं टपाल आपल्या पोस्टात चालतंय का? नियम दाखवा मला."

तातेरावांनी तिच्याकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात ती त्यांना असं कधी बोलली नव्हती. तिचा आवाज चढलाही नव्हता. चुलीपुढं बसून ती भाकरीच्या कडा बोटानं फिरवत होती.

"मी त्याला बोललो म्हणून तो गेला," ते म्हणाले. "भाकर थाप म्हणालो. रोज दुपारी भाकर मोडताना मला ते ऐकू येतंय. मला हे एकदा संपू दे."

"तुमचं संपवायला माझा पोरगा मारू का?"

ती बोलली आणि तिचं तिलाच लागलं. पण शब्द मागं घेतला नाही.

झुंबरबाईनं दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून समजावलं. मान्य कर पोरी, सुतक धर, कार्ड फाडून टाक, मग ते कोपरे फाटायचं थांबंल. न घेतलेली बातमी दार धरून बसती. तिचंही चूक होतं असं कोण म्हणेल? तिनं तीन मुलं आणि नवरा पोचवला होता.

"मावशी, तुमचं तुम्ही बघितलं होतं डोळ्यांनी. मला कुणी काय दाखवलंय? एक कपटा. तोबी न्हाईच, त्याची जागा तेवढी."

५

पंधरा झाली. सोळा झाली. आता गावात कुजबूज होती आणि टपाल न्यायला येणाऱ्या बाया अंगणातूनच हाका मारत. तातेरावांनी दर्भ आणून ओसरीच्या आढ्याला टांगला. प्रभावती त्याच्या खालून जाताना पदर सावरून घेई, पण नजर वर करत नसे.

तिनं एकदा बंदराचं कार्ड नीट उजेडात धरलं. पांढऱ्या इमारतीच्या खिडक्या बंद होत्या, सगळ्या. खालच्या ओळीतली शेवटची एक सोडून. ती पहिल्यापासून उघडी होती की काय, हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं. आत अंधार होता आणि अंधारात टेबलाची एक कड. बस, एवढंच. तिनं कार्ड पालथं घातलं.

दुपारी चर्र व्हायचं, खुर्ची करकरायची. तिनं एवढं मात्र ताडलं की खोलीतला जो कोणी होता तो घाई करत नव्हता. रागानं फाडत नव्हता. नेमून दिलेलं काम करावं तसं करत होता, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची. रागाला समजूत घालता येते.

पण नेम तिलाही कळत होता. तिचा जन्म नेमांत गेला होता. सोळा सोमवार, चतुर्थ्या, देवीचे शुक्रवार. व्रत करणाऱ्याशी व्रतानंच बोलावं लागतं. आणि एका दुपारी, मनिऑर्डरीच्या पावत्यांना दोरा ओवताना, तिला तातेरावांच्या कपाटातल्या नियमांतला एक आठवला. कुणाच्या नावाचं टपाल आलं म्हणून त्यानं ते घेतलंच पाहिजे असं नाही. नको म्हणता येतं. मग टपालवाला त्यावर लिहितो, "घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत." सरकारच्या राज्यात नको म्हणायचा हक्क असतो. मग देवाच्या राज्यात नसेल?

मंगळवारी रात्री नाही, मंगळवारी सकाळीच, आंघोळ करून ओल्या केसांनी ती बसली. पोस्टाच्या खणातून पदरच्या पैशांनी एक जोडकार्ड काढलं. दोन कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात ना, एक आपलं आणि एक उत्तराला, ते. आपल्या बाजूच्या कार्डाचा कोपरा तिनं कात्रीनं कापला, बंदराच्या कार्डाच्या फाटक्या जागी लावला, आणि सुईत लाल दोरा ओवून टाका टाका घालत शिवला. गोधडीच्या टाक्यांसारखे लहान टाके. शिवताना एकदा सुई बोटात गेली आणि कोपऱ्यावर रक्ताचा ठिपका उमटला. तिला वाटलं, असू दे, कुंकवासारखं आहे.

६

बुधवारी तातेराव दर्भ, तूप, गोवऱ्या घेऊन ओढ्याकडं निघाले. बरोबर भाऊबंदातली चार माणसं आणि जांब समर्थचे शास्त्रीबुवा. जाताना उंबऱ्यात थांबले.

"बारा वाजता करू. तू आंघोळ करून घे."

"मी स्वैपाक करून राह्यले."

"आज? कुणासाठी?"

"घरात तीन माणसं आहेत, तिघांसाठी."

त्यांनी दर्भ काखेत सावरला. गेले.

तिनं पुरण नाही केलं. साधंच केलं, वसंताला आवडायची ती ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. तीन ताटं मांडली. देवीच्या तसबिरीमागं हात घातला.

एकोणीस कार्डं तिथं नव्हती.

ऊन अंगणात उभं होतं. लिंबाची सावली खोडाशी गोळा झालेली. कोंबड्यासुद्धा गप्प. पोस्टाच्या खोलीचं दार तिनं सकाळी उघडं ठेवलं होतं. आता ते लोटलेलं होतं. ती शिवलेलं कार्ड आणि जोडकार्डाचा उरलेला उत्तराचा भाग हातात घेऊन गेली. तिनं दार ढकललं.

दारातल्या उन्हाची पट्टी टेबलाच्या मधोमध येऊन संपत होती. पट्टीच्या पलीकडं खुर्ची टेबलाला सरकवलेली होती आणि उन्हाच्या काठावर दोन हात होते.

तिनं हातांकडंच पाहिलं. बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, पांढरी. मनगटांखाली टेबलावर पाण्याचा ओघळ. पुढ्यात एकोणीस कार्डं नीट रचून ठेवलेली आणि सगळ्यात वरचं, मोंबासाचं, डाव्या हातात उचललेलं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट त्याच्या कोपऱ्यावर चिमटीत आलेले.

वसंताच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याची खूण होती. आठ वर्षांचा असताना कडबा तोडताना लागलेली. एक नजर टाकली असती तर कळलं असतं. नजर टाकली असती, वर मान केली असती, तर तोंडही दिसलं असतं. प्रभावतीनं मान वर केली नाही आणि अंगठ्यावरून डोळे काढून तराजूवर नेऊन ठेवले. पोस्टात असंच असतं. ओळख दिली, सही केली, की टपाल आपलं झालं.

"थांब," ती म्हणाली.

चिमूट थांबली.

"तू कोण हैस मी विचारत न्हाई. तू सांगूबी नको." तिचा आवाज तिला परका वाटला, पण शब्द तिचेच होते. "तू माझा नसशील तर हे घर तुझं न्हाई, ऊठ तिथून. आन् माझा असशील तर ऐक. मी तुला कार्डानं घेणार न्हाई. कोपऱ्यानं घेणार न्हाई. दर्भानं तर बिलकुल घेणार न्हाई. माझ्या पोराला पाय दिले मी, नऊ महिने खपून दिले. त्यानं पायानं यावं. दारानं यावं, दिवसा यावं, भूक लागली म्हणून यावं. कितीबी वर्षं लागू दे. मला घाई न्हाई. मला गोडाची सवयच गेली आता."

तिनं शिवलेलं कार्ड टेबलावर, उन्हाच्या पट्टीत ठेवलं आणि बोटानं पलीकडं सरकवलं. "हे धर. घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत. नियमात बसतंय." मग उत्तराचं कोरं कार्ड त्याच्यावर ठेवलं. "आन् हे जवाबी. आमच्याकडं कुणाला रिकाम्या हातानं वाटेला लावत न्हाईत."

खोलीत एवढी शांतता होती की ओढ्याच्या बाजूची माणसांची बोलणी ऐकू येत होती. तराजूचं एक पारडं हळू हळू खाली गेलं, जसं त्यात काही ठेवलं. मोंबासाचं कार्ड परत रचेवर टेकलं. टेकल्याचा आवाज तिनं ऐकला.

मग शिक्का पडला. ठप्प. शाईच्या गादीवर एकदा, कार्डावर एकदा. तातेराव पंचवीस वर्षं मारत आले तसाच, जरा मनगट वळवून. लहानपणी वसंता त्यांच्या मांडीवर बसून तो मारायला शिकला होता.

तिला वाटलं, बघावं. आता एकदाच. नखभर.

तिनं डोळे घट्ट मिटले आणि रेणुकाईचं नाव घेत शंभरपर्यंत मोजलं.

७

तातेराव एक वाजता परत आले. एकटेच. ओसरीवर टेकून त्यांनी टोपी काढली. डोक्यावरचे केस होते तसेच होते.

"केलं न्हाई," ते म्हणाले. "बुवा म्हणाले नाव घ्या. तोंड उघडलं आन् नावच न्हाई आलं जिभेवर. तीनदा म्हणाले. मी म्हणालो, ऱ्हाऊ द्या." त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. "तुला काय झालं?"

"काय न्हाई. हात धुवा, जेवून घ्या. भाकर निवून राह्यली."

ते ताटावर बसले. भाकरी मोडली, आणि तिसऱ्या ताटात पहिला तुकडा त्यांनीच ठेवला.

खोलीत नंतर तिला एवढं सापडलं: एकोणीस कार्डं, चारही कोपरे धड. शिक्क्याची शाई ओली. शिवलेलं आणि कोरं, दोन्ही कार्डं नव्हती. त्या दिवसाच्या थैलीत बद्रीनाथनं ती पाहिली नव्हती, हेही तिनं दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. चर्र आवाज पुन्हा कधी आला नाही. डब्यातली एकवीस कार्डं तिनं रोज एक या नेमानं शिवून काढली, लाल दोऱ्यानं. झुंबरबाई ओट्यावरून बघत बसायची. "वेडी हैस," म्हणायची, आणि सुईत दोरा ओवून द्यायची. सत्तरीतही तिची नजर भारी होती.

कार्तिकात थैली गोणपाटावर पालथी झाली आणि त्यातून ते जवाबी कार्ड पडलं. पिंपळगाव रेणुकाईचाच पत्ता, तिच्याच अक्षरातला, जो तिनं घातल्याचं तिला आठवत नव्हतं. मागं कोरं. कागद कडक झालेला, हात लावला की बोटांना मीठ लागत होतं.

तातेरावांनी ते उलटंपालटं केलं. "यावर तर काहीच न्हाई गं."

"कोपरे मोजा."

त्यांनी मोजले, मोठ्यानं, लहान पोरासारखे. एक. दोन. तीन. चौथ्यावर बोट ठेवलं. "चार."

"मंग झालं तर."

बद्रीनाथ म्हणाला, "वहिनी, आता तरी गोड घ्या. कार्ड आलं की!"

"अक्षर कुठं आलंय? अक्षर येऊ दे."

त्या दिवसापासून भरदुपारी ती अंगणात, पाय धुवायच्या दगडापाशी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायला लागली. कुणी विचारलं तर सांगे, उन्हातनं आलेल्या माणसाला लागतंय. पहिले पंधरा दिवस तांब्या जसाच्या तसा. सोळाव्या दिवशी तिन्हीसांजेला दिवा लावायला आली तेव्हा तो रिकामा होता. दगड ओला होता. दगडापासून घराकडं ओल्या पावलांची ओळ आली होती, उंबऱ्याच्या एक हात अलीकडं थांबली होती, आणि परत फिरल्याची खूण कुठंच नव्हती.

प्रभावतीनं दिवा खाली ठेवला. त्या शेवटच्या दोन पावलांसमोर ती उभी राहिली, इतक्या जवळ की समोर कुणी असतं तर त्याचा श्वास लागला असता. तिनं मान खाली घातली नाही.

"पाऊल बराबर हाय," ती म्हणाली. "पण दिवसा ये, म्हणाले होते मी. ही दिवेलागण हाय."

आणि तिनं वाकून तांब्या उचलला, आडातून पाणी शेंदलं आणि उद्याच्या दुपारसाठी भरून ठेवला.